उतारावर कॅरॅव्हॅन समतल उभी करताना

नेरळ : माथेरानमध्ये खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही. त्यामुळे मोटारीमागे कॅरॅव्हॅन ओढत येणाऱ्या पर्यटकांना पायथ्याचा नेरळ-कर्जत परिसरच मुक्कामास सोयीचा ठरतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले; मात्र डोंगरउतार आणि बांधांनी तोडलेली भातखाचरे यांमध्ये सपाट जागा शोधावीच लागते.

आडवा कल आधी : कॅरॅव्हॅनच्या जमिनीवर पाणसळ ठेवून कल पाहावा. मोटारीला जोडलेली असतानाच सखल बाजूच्या चाकाखाली भक्कम फळी देऊन ती वर घ्यावी. दोन चाकांत १८० सेंटिमीटर अंतर असल्यास १ अंश कलासाठी सुमारे ३ सेंटिमीटर जाडी लागते.

सोडण्यापूर्वी : हातब्रेक ओढून दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचरी लावाव्यात. त्याआधी जोडणी सोडल्यास कॅरॅव्हॅन उतारावरून घरंगळू शकते. त्यानंतर पुढच्या लहान चाकाची उंची कमी-जास्त करून लांबीचा कल काढावा.

जॅक शेवटी : कोपऱ्यांचे जॅक डुगडुगणे थांबविण्यासाठी असतात, वजन उचलण्यासाठी नव्हे. तसा वापर केल्यास सांगाडा वाकतो. पावसाळ्यात खाचराची माती खचते. म्हणून जॅकखाली रुंद फळी द्यावी व सकाळी पाणसळ पुन्हा पाहावी.

फ्रिजची काळजी : गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमधील अमोनियाचे द्रावण उतारानेच परत वाहते. कल फार असल्यास ते अडते आणि फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो.