बडोद्याचे बोळ आणि छायाचित्रकार

बडोद्याच्या इतिहासाची साधने चाळताना एक गोष्ट आम्हांस वारंवार खटकली. १८९० साली पुरा झालेला लक्ष्मीविलास राजवाडा, १८९६ चे न्यायमंदिर यांची छायाचित्रे मुबलक आहेत; परंतु चार दरवाजांच्या आत, मांडवीच्या आसपास, ज्या पोळ-गल्ल्यांत बडोदेकरांच्या पिढ्या नांदल्या, त्यांचे जुने चित्र शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. याचा दोष केवळ दरबारी अभिरुचीला देता येणार नाही. त्या काळच्या काचेवर चित्र उमटण्यास काही सेकंद लागत. राजवाडा तितका वेळ स्वस्थ उभा राहतो, गल्लीतला माणूस राहत नाही. शिवाय अरुंद बोळात ऊन शिरते ते माध्यान्ही, घटकाभर. आणि समोरचे घर पुरते टिपावे म्हणून मागे सरावे, तर पाठ पलीकडच्या ओट्याला लागते!

ही अडचण बडोद्याचीच नव्हे. पॅरिसमध्ये शार्ल मार्व्हिलने आणि १८६८ पासून ग्लासगोत टॉमस अ‍ॅननने जुन्या गल्ल्या टिपल्या, त्या पाडल्या जावयाच्या होत्या म्हणूनच. मार्व्हिलचे रस्ते ओस वाटतात. अ‍ॅननच्या बोळांत थबकलेले तेवढे उमटले, हलले ते धुरकट झाले.

रावपुऱ्यालगतच्या गल्लीत दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. आतील भिंतींवर कृष्णलीला, महाभारत, युद्धप्रसंग आणि साहेबलोकही रंगविलेले आहेत. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणामुळे तो उरला. शेजारच्या साध्या लाकडी घरांना असा वाली नाही. कोरीव चौकट विकली जाते आणि घर कोणाच्या स्मरणातही राहत नाही. म्हणून नुसत्या चौकटीचे देखणे चित्र आम्हांस अपुरे वाटते. ओटा, गटार, गल्लीची रुंदी हीही त्यात हवीत. बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेतील ज्योती भट्ट यांनी १९६७ पासून गुजरातच्या खेड्यांतील भित्तिचित्रे टिपली, तेव्हा ती काढणारी माणसेही वगळली नाहीत. बोळांकडे पाहावयाची दृष्टी हीच.

तूर्त मोठा ठेवा घरोघरच्या पेट्यांत असावा. मुंजीच्या वा लग्नाच्या समूहचित्रात, पाहुण्यांच्या मागे, नकळत उमटलेला दरवाजा आणि गल्लीचे वळण असते. असे चित्र ज्यांच्यापाशी असेल त्यांनी पाठीमागे गल्लीचे नाव व साल लिहून ठेवावे. मात्र मऊ शिसपेन्सिलीने, कारण शाई कालांतराने पुढच्या बाजूस उमटते.