'चॉप्स अहॉय': पोर्क चॉप ग्रिलवर कोरडे का पडतात?

'गुड ईट्स' ही अमेरिकेतल्या फूड नेटवर्क वाहिनीवर 1999 पासून गाजलेली पाककृतींची मालिका. लेखक आणि सूत्रधार अॅल्टन ब्राऊन. स्वयंपाकाकडे वळण्याआधी ते कॅमेरामन होते. पदार्थ कसा करायचा यासोबतच तो तसाच का करायचा, हेही ही मालिका सांगते. तिचा पोर्क चॉपवरचा भाग म्हणजे 'चॉप्स अहॉय'. हे नाव म्हणजे 'चिप्स अहॉय' या अमेरिकी बिस्किटांच्या नावावर केलेली कोटी. या भागात सारण भरलेले चॉप ग्रिलवर भाजून दाखवले आहेत.

चॉप म्हणजे काय?
डुकराच्या पाठीच्या भागातून, बहुतेकदा हाडासकट, आडवा कापलेला मांसाचा तुकडा. या स्नायूला फारसे श्रम पडत नाहीत, म्हणून मांस मऊ असते. पण त्यात चरबी कमी असते. जास्त उष्णता लागली की प्रथिने आकसतात, आतले पाणी बाहेर पडते आणि चॉप वातड होतो.

मग लोक जास्त का भाजत?
भीतीपोटी. कच्च्या डुकराच्या मांसातून ट्रायकिनेला नावाचा कृमी माणसाच्या शरीरात जाऊ शकतो. त्यामुळे आतला गुलाबी रंग पूर्ण जाईपर्यंत भाजायची सवय लागली. प्रत्यक्षात हा कृमी साधारण 58 अंश सेल्सिअसलाच मरतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने 2011 मध्ये अखंड तुकड्यांसाठीची मर्यादा 71 वरून 63 अंशांवर आणली. भाजल्यावर किमान तीन मिनिटे मांस तसेच ठेवायचे, ही अट घातली.

चॉप रसदार कसा राहतो?
- जाड तुकडा: पातळ चॉपला बाहेरून रंग येईपर्यंत आतून तो कोरडा पडतो. दीड इंच जाडीचा चॉप सोयीचा.
- मिठाचे पाणी: काही तास त्यात मुरवल्यास मीठ प्रथिने सैल करते आणि भाजताना पाणी धरून ठेवते.
- दोन आचा: निखारे एका बाजूला लोटायचे. तिथे रंग आणायचा आणि मंद बाजूला शिजवायचे.
- थर्मामीटर: सुई हाडाला न टेकवता मध्यभागी खुपसायची. रंगावरून अंदाज चुकतो.

63 अंश सगळ्यांना चालतात का?
नाही. खिमा करताना वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, म्हणून त्याला 71 अंश लागतात. सारण भरलेल्या चॉपचेही तसेच. कच्च्या मांसाचा रस सारणात उतरतो, म्हणून सारणाचा मध्य 74 अंशांपर्यंत तापायला हवा, असे हेच खाते सांगते. त्यामुळे कार्यक्रम पाहून सारणाचे चॉप करायचे असतील, तर थर्मामीटरची सुई मांसासोबत सारणातही खुपसून पाहावी.