मांसाचं दारिद्र्य: एका नावाची गोष्ट

मंडळी, आज आपण ज्या गोष्टीचा विचार करणार आहोत ती माणसाइतकीच जुनी आहे. तिचं शास्त्रीय नाव मात्र १९८८ सालचं. म्हातारपणी दंड सुकतात, मांड्या बारीक होतात, खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो. आपण सगळेच हे पाहतो आणि 'वय झालं' म्हणून सोडून देतो. हे सोडून देणं आलं कुठून?

इ.स.पू. ४४ मध्ये सिसेरोने वार्धक्यावर एक संवाद लिहिला. त्यात ८४ वर्षांच्या केटोच्या तोंडी क्रोटोनच्या मायलो या मल्लाची गोष्ट आहे. म्हातारा मायलो सराव करणाऱ्या तरुणांकडे पाहतो, मग आपल्या दंडांकडे पाहतो आणि हे तर मेले, म्हणून रडतो. केटोला त्याची कीव येत नाही. ज्याने दंडांखेरीज काही कमावलंच नाही, त्याचं असंच व्हायचं! पण तोच केटो पुढे सांगतो, की म्हातारपणाशी रोगाशी लढावं तसं लढा, बेताचा व्यायाम करा. आपल्याकडे सुश्रुतसंहितेने जरेला भूक, तहान, झोप, मृत्यू यांच्या पंगतीत बसवलं, म्हणजे स्वाभाविक विकारांत. तरीही आयुर्वेदाच्या आठ अंगांत रसायनाला जागा आहेच. तेव्हा स्वाभाविक आहे म्हणून उपाय नाही, असं या दोघांनीही म्हटलेलं नाही. तो निष्कर्ष आपण काढला.

१९८८ मध्ये अमेरिकेत अल्बुकर्की इथल्या एका बैठकीत पोषणशास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी मुद्दा मांडला: या झिजेला नाव दिल्याशिवाय तिच्याकडे कोणी गंभीरपणे पाहणार नाही. ग्रीकमधून त्यांनी शब्द घडवला, 'सार्कोपेनिया'. 'सार्क्स' म्हणजे मांस, 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य.

दोनच वर्षांनी, १९९० मध्ये, मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांचा बॉस्टनमधला प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या निवासी संस्थेतली नव्वदीच्या आसपासची १० माणसं, आणि ८ आठवडे वजनांचा व्यायाम. तो पुरा करणाऱ्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. व्यायाम थांबल्यावर ताकद पुन्हा उतरू लागली, हेही तितकंच महत्त्वाचं. प्रयोग लहान होता, पण 'आता काय व्हायचंय' या वाक्याला त्याने तडा दिला.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगसूचीत सार्कोपेनियाला स्वतंत्र क्रमांक मिळाला. २०१९ मध्ये आशियाई तज्ज्ञगटाने निकष सुधारले: मुठीची पकड पुरुषांत २८ किलोहून, स्त्रियांत १८ किलोहून कमी असेल, किंवा खुर्चीतून पाचदा उठायला १२ सेकंद वा अधिक लागत असतील, तर पुढची तपासणी करावी.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारेल, की नाव दिल्याने वार्धक्य हाच रोग ठरत नाही का? धोका आहे. नाव मिळालं की बाजारात डबेही येतात. पण नाव नसण्याची किंमत आपण अधिक मोजली. पडणं, हाड मोडणं, अंथरूण धरणं, आणि अंथरुणात आणखी झिजणं. आपल्या घरांत तर प्रेमानेच म्हणतात, 'तुम्ही बसा, आम्ही करतो.' त्या प्रेमात आजीचं उठणं जातं, आणि उठण्याबरोबर स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जायचा तिचा मान जातो. म्हणून पाण्याचा तांब्या तिचा तिला आणू द्या. आपण फक्त जवळ उभं राहू.