वऱ्हाडातील स्त्रियांचा मताधिकार

1919 च्या कायद्याने स्त्रियांच्या मताधिकाराचा निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपवला. मुंबई प्रांताने तो 1921 मध्ये दिला. वऱ्हाड ज्यात होता त्या मध्य प्रांतात 1927 उजाडले. तरीही मालमत्तेची अट असल्याने हिवरखेडसारख्या गावांतल्या शेतमजूर बाया यादीबाहेरच राहिल्या. 1935 च्या कायद्याने अटी सैल केल्या आणि 1937 मध्ये अनसूयाबाई काळे मध्य प्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. सरसकट प्रौढ मताधिकार मात्र राज्यघटनेनेच दिला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे 28 लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच सांगितले. त्यांची नोंद यादीतून वगळली गेली.