वाघाची वर्गणी कुणी भरली?

२ ते ८ ऑक्टोबर हा देशभर वन्यजीव सप्ताह असतो. त्या आठवड्यात शाळांमधून चित्रकला स्पर्धा होतात, सकाळी फेरी निघते, कुणी टी-शर्ट विकून निधी जमवतं, कुणी धावण्याची स्पर्धा ठेवतं. सलीम अली सरोवरापाशी गळ्यात दुर्बीण अडकवलेली माणसं जरा जास्त दिसायला लागतात. त्यावरून एका श्रोत्यानं विचारलं, "अशा कार्यक्रमांतून जमलेल्या पैशानं जंगल खरंच वाचतं का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी थोडं मागं जावं लागेल. आज आपण वर्गणीचा इतिहास बघू. गणपतीची नाही, वाघाची वर्गणी.

सुरुवात आपल्या जिल्ह्यातूनच करू. इथून धुळ्याला जाताना कन्नडचा घाट लागतो. ट्रकच्या रांगेत तासन् तास अडकलेल्यांना तो चांगलाच आठवत असेल. हा घाट ज्या जंगलातून उतरतो, त्याचं सरकारी नाव गौताळा औट्रमघाट अभयारण्य. गौताळा हे नाव गौतम ऋषींवरून आलं असं सांगतात. आणि औट्रम म्हणजे जेम्स आउट्रम, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. १८२५ मध्ये त्याला खानदेशात भिल्लांची पलटण उभी करायला पाठवलं. भिल्लांचा विश्वास मिळवायचा त्याचा एक मोठा मार्ग म्हणजे त्यांना बरोबर घेऊन केलेली शिकार. पुढच्या दहाएक वर्षांत त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी मारलेल्या वाघांचा आकडा दोनशेच्या आसपास जातो. एका माणसाच्या गोतावळ्यानं, एका प्रांतात! आणि आज अभयारण्याच्या पाटीवर नाव त्याचंच आहे. बदलावं असं कुणाला फारसं वाटलेलंही दिसत नाही.

त्या काळात वाघ मारला की सरकार इनाम द्यायचं. म्हणजे वाघाच्या नावानं सरकारी तिजोरीतून पैसा निघायचा, पण तो त्याला संपवण्यासाठी. जंगल साफ होऊन शेती वाढली की सारा वाढतो, हा सरळ हिशेब होता. गौताळ्यात १९४० च्या सुमारानंतर वाघ दिसल्याची नोंद राहिली नाही.

आपल्या सरोवराला ज्यांचं नाव आहे ते सलीम अली त्याच्या थोडं आधी आपल्या भागाशी जोडले गेले होते. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, आणि औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्यांना पक्की नोकरी नव्हती. त्यांनी संस्थानांपुढे ठेवलेला प्रस्ताव असा की, मी पगार घेणार नाही, तुम्ही फक्त छावणीचा आणि प्रवासाचा खर्च द्या. त्या पाहणीचे लेख पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. नंतर १९७६ मध्ये त्यांना पन्नास हजार डॉलरचा गेटी पुरस्कार मिळाला, तोही त्यांनी या सोसायटीकडे निसर्गसंवर्धनाचा निधी म्हणून दिला. संस्थानिकाचा आश्रय, एखाद्याचं फुकट काम, एखादी मोठी देणगी: निसर्गाच्या कामासाठी पैसा उभा राहायचा तो असा. सामान्य माणसाच्या खिशातला रुपया यात अजून आलेला नव्हता.

तो आला परदेशातून. १९६१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ, स्थापन झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या डेली मिरर या खपाऊ दैनिकानं पहिल्या पानावर गेंड्याचा भलामोठा फोटो छापून वाचकांना पैसे पाठवायचं आवाहन केलं. काही दिवसांत साठ हजार पौंड जमले. हे दैनिक कामगारवर्गात वाचलं जायचं. ज्यांनी आयुष्यात आफ्रिका बघितली नव्हती, बघणारही नव्हते, त्यांनी पोस्टानं पैसे धाडले. दूरच्या जनावरासाठी अनोळखी माणूस वर्गणी देतो हे यातून सिद्ध झालं, आणि पुढची पन्नास-साठ वर्षं हाच मंत्र चालला.

आपल्याकडे या संस्थेची शाखा १९६९ मध्ये मुंबईत सुरू झाली. पहिले अध्यक्ष बडोद्याचे फत्तेसिंगराव गायकवाड. होय, तेच. क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष होते, रेडिओवर समालोचन करायचे, ते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत निसर्गसंवर्धनाची जागतिक परिषद भरली आणि तिथे भारतातला वाघ संपत चालला आहे हे जगासमोर मांडलं गेलं. पुढच्याच वर्षी वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या मोजणीत आकडा निघाला १,८२७. पावलांच्या ठशांवरून केलेली ती मोजणी होती, तिच्यावर नंतर पुष्कळ टीका झाली. पण त्या वेळी या आकड्यानं दिल्ली हादरली.

आता वर्गणीचा मुख्य प्रसंग. डब्ल्यूडब्ल्यूएफचे विश्वस्त गाय माउंटफर्ट इंदिरा गांधींना भेटले आणि म्हणाले की, तुम्ही वाघासाठी राखीव जंगलं करणार असाल तर आम्ही दहा लाख डॉलर उभे करतो. त्यानंतर 'ऑपरेशन टायगर' नावाची मोहीम युरोपभर चालली. रक्कम जमली, आणि ती जमवण्यात शाळकरी मुलांचा मोठा हात होता. त्या वेळच्या भावानं दहा लाख डॉलर म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या आसपास. भारत सरकारनं स्वतः सहा वर्षांसाठी सुमारे चार कोटींची तरतूद केली होती. म्हणजे परदेशी वर्गणीमुळेच प्रकल्प झाला असं म्हणणं चूक. पण ती बिनमहत्त्वाचीही नव्हती. तो काळ दुष्काळाचा होता. १९७२ साली मराठवाड्यात लोक खडी फोडायला जात होते, मिलो खात होते, हे आपल्या घरातल्या मोठ्यांना विचारा. अशा वेळी वाघावर चार कोटी कशाला, या प्रश्नाला जगही पैसे देतंय हे एक उत्तर सरकारच्या हाती आलं. वर्गणीचं काम कित्येकदा हेच असतं. रकमेपेक्षा तिच्यामागे किती माणसं आहेत ते मोजलं जातं.

१ एप्रिल १९७३ ला कॉर्बेटमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातलं एकच होतं, अमरावती जिल्ह्यातलं मेळघाट. परदेशातून आलेली मदत बरीचशी वस्तूंच्या रूपात होती. जीपगाड्या, वायरलेस संच, दुर्बिणी, अशा गोष्टी. १९८७ मध्ये मेळघाटच्या आतला गाभा गुगामल राष्ट्रीय उद्यान झाला.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात, आणि ती खरीही आहे. पण पावतीपुस्तक नीट चाळलं तर त्यात एक नाव सापडत नाही.

मेळघाट म्हणजे कोरकूंचा मुलूख. जंगलात गावं होती, आहेत. राखीव जंगल झालं की चराई, मोह, तेंदूपत्ता, लाकूडफाटा या सगळ्याला हळूहळू कुंपण पडतं. ते तारेचं नसतं, नियमांचं असतं. या वस्तूंना बाजारात भाव आहे आणि घरात उपयोग आहे. म्हणजे दर वर्षी दर घरामागे काहीतरी रक्कम वाघाच्या खात्यात जमा होत होती, फक्त तिची पावती कुणी फाडत नव्हतं. युरोपातल्या मुलांनी एकदा पैसे दिले आणि त्यांचं कौतुक झालं. कोरकू घरांनी सक्तीनं दिले, वर्षानुवर्षं दिले.

१९९३ मध्ये मेळघाटचं नाव देशभर गाजलं. वाघांमुळे नाही, कुपोषणानं दगावलेल्या मुलांमुळे. कुपोषणाला व्याघ्र प्रकल्प हे एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही. रस्ते नव्हते, दवाखाने नव्हते, कर्जबाजारीपणा होता, सरकारची हयगय होती. पण जगभरातून जीप आलेल्या जंगलात आजारी मूल दवाखान्यात न्यायला गाडी नव्हती, हे दृश्य कसं विसरायचं?

त्यानंतर मेळघाटसाठी दुसरी वर्गणी सुरू झाली, ती मराठी माणसांची. पुण्याची 'मैत्री' ही संस्था १९९७ पासून तिथे काम करते. पावसाळ्यात, जेव्हा मुलं सर्वांत जास्त दगावतात, तेव्हा त्यांची 'धडक मोहीम' असते. शहरातले स्वयंसेवक आळीपाळीनं जातात, गावात राहतात, आजारी बाळं शोधून उपचारापर्यंत पोचवतात. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे तर त्याच्याही आधीपासून होते, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही कामंही देणग्यांवर आणि फुकट वेळ देणाऱ्यांवर उभी आहेत. गंमत बघा, एकाच जंगलासाठी दोन पेट्या फिरत होत्या. एकीवर वाघाचं चित्र, दुसरीवर कोरकू बाळाचं. दोन्हींत पैसे टाकणारी माणसं कित्येकदा तीच असणार. पण या दोन पेट्यांचा हिशेब एका वहीत कधी लिहिला गेला नाही.

पुनर्वसनाचंही तसंच. २००१ च्या सुमारास बोरी, कोहा, कुंड ही गावं बाहेर हलवली. नंतर केंद्राच्या योजनेत कुटुंबामागे दहा लाख, आणि अलीकडे पंधरा लाख असा मोबदला ठरला. काही गावांचं बरं झालं. शाळा, रस्ता, दवाखाना जवळ आला. काहींचं नाही. अकोट तालुक्यात आणलेली काही कुटुंबं, कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणत मूळ गावी परत गेली, आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथे आदिवासी आणि वनकर्मचारी यांच्यात मोठी चकमक झाली. दोन्हीकडचे लोक जखमी झाले. ती दोन्हीकडची माणसं गरीबच होती, हेही सांगायला हवं.

ताडोबाकडे बघितलं तर चित्र थोडं वेगळं दिसतं. १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि आपण हैदराबाद राज्यात. दोघंही १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो. २००६ मध्ये वन्यजीव कायद्यात बदल झाला आणि व्याघ्र प्रकल्पांना स्वतःचं प्रतिष्ठान काढायची मुभा मिळाली. प्रवेशाचा पैसा मुंबईच्या तिजोरीत न जाता तिथेच राहू लागला. त्यातून आणि राज्याच्या जन-वन विकास योजनेतून आसपासच्या गावांना गॅस, कुंपण, रोजगार मिळायला लागले. गाइड आणि जिप्सीचालक बरेचसे स्थानिक. पर्यटक तिकीट काढतो, त्याला वाटतं आपण सफारीला आलोय. खरं तर तो वर्गणीच भरत असतो. मला ही पद्धत इतरांपेक्षा बरी वाटते. एक मोठी अडचण आहे: पैसा तिथेच येतो जिथे वाघ दिसतो, आणि गेटाजवळच्या गावाला जे मिळतं ते लांबच्या गावाला मिळत नाही.

मार्च २०२४ मध्ये चंद्रपूरला ताडोबा महोत्सव झाला. त्यात वन विभागानं ६५,७२४ रोपं मांडून 'भारतमाता' ही अक्षरं काढली आणि गिनेस विक्रम केला. रोपं बिचारी निमूट उभी राहिली. इकडे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक घेता येतात. काही वर्षांपूर्वीच्या दरपत्रकात वाघाला वर्षाचे तीन लाखांच्या वर आणि चितळाला वीस हजार असा भाव होता. रामदास आठवले यांनी तिथला बिबट्या दत्तक घेतल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. उपक्रम चांगला आहे, पिंजऱ्यातल्या जनावराच्या खाण्याचा खर्च त्यातून निघतो. पिंजऱ्याबाहेरच्या जनावराला दत्तक कोण घेणार, हा प्रश्न उरतोच.

आणि तो प्रश्न थेट आपल्या दारात आला. मार्च २०२१ मध्ये गौताळ्याच्या ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. ऐंशी वर्षांनी! अंगावरचे पट्टे जुळवल्यावर कळलं की हा यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला. सरळ रेषेत मोजलं तरी तीनशे किलोमीटरच्या वर अंतर. २०१९ मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ, रेडिओ कॉलर लावलेला, तेराशे किलोमीटरहून जास्त भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता. हे वाघ राष्ट्रीय उद्यानांतून चालले नाहीत. कापूस, तूर, सोयाबीनच्या शेतांतून, नाल्यांतून, रात्री हायवे ओलांडून गेले.

गौताळा १९८६ पासून अभयारण्य आहे, व्याघ्र प्रकल्प नाही. त्यामुळे तिथे तसं प्रतिष्ठान नाही, सफारीचा पैसा नाही, परदेशी मुलांची वर्गणी तर नाहीच. मग कन्नड-सोयगावकडे किंवा वाटेतल्या कुठल्याही गावात वाघानं गाय मारली तर काय होतं? राज्याचा नियम असा: पंचनामा होतो आणि जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के भरपाई मिळते, कमाल मर्यादा ७० हजार रुपये.

हिशेब करून बघा. साठ हजारांची गाय. भरपाई पंचेचाळीस हजार. राहिलेले पंधरा हजार शेतकऱ्याच्या खिशातून. वर पंचनाम्याच्या खेपा, बुडालेलं दूध, आणि पैसे हातात पडेपर्यंतची वाट. गाय नव्वद हजारांची असेल तर साडेबावीस हजार बुडाले. म्हणजे श्रोत्याच्या प्रश्नातले ते टी-शर्ट आणि धावण्याच्या स्पर्धा एकीकडे ठेवा. आपल्या जिल्ह्यात वाघासाठी सर्वांत मोठी एकरकमी वर्गणी भरायची पाळी दोन-चार जनावरं असलेल्या माणसावर येऊ शकते, आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं. ऑक्टोबरच्या कार्यक्रमांत जमणारा निधी त्या पंधरा हजारांची भर घालायला वापरता येईल का? रक्कम आवाक्यातली आहे. एखाद्या शाळेच्या चित्रकला स्पर्धेतूनही एका गाईची चौथाई निघू शकते.

पुढच्या भागात गौताळ्यातच राहू, पण दोन हजार वर्षं मागे जाऊन. पितळखोऱ्याची लेणी. भेटू.