पटकीचा धडा बदलणारा अध्यापक

कलकत्त्यास बदलीवर राहून आलेल्यांनी तेथील मेडिकल कॉलेजची इमारत पाहिली असेलच. डॉ. शंभुनाथ डे तेथे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली याच शहरात पटकीचा जंतू वेगळा केला. पण तो माणसास मारतो कसा, याचे नेमके उत्तर पुढे पाऊणशे वर्षे विद्यार्थ्यांना मिळाले नाही. जंतू फुटून त्याचे विष रक्तात भिनते, असेच बहुधा शिकविले जाई. डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडले, तो पाण्याने टम्म फुगला. जंतू गाळून टाकलेला द्रवही तेच करतो, हे त्यांनी १९५९ साली सिद्ध केले. विषाचे कार्य आतड्यातच चालते. रोगी मरतो तो पाणी व क्षार गमावून.

ते परत कसे द्यावे, हे १९७१ साली बनगावला निर्वासितांमध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी दाखविले. ग्लुकोज-मिठाच्या पाण्याने मृत्यूचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ४ च्या खाली आले.

डे यांना १९७८ च्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले. १९८५ साली ते निवर्तले, तोवर देशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नव्हते. सेवाज्येष्ठतेच्या याद्या चाळण्यात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्यास याचे नवल वाटू नये, पण वाटते.