घनदर्शकापासून आभासी विच्छेदनगृहापर्यंत

एक डोळा मिटून सुईंत दोरा ओवूं पाहावा, म्हणजे दुसऱ्या डोळ्याची किंमत कळते. दोन डोळ्यांना एकच वस्तु किंचित् निरनिराळी दिसते आणि त्या दोन चित्रांच्या मिलाफांतून मनाला खोलीचें ज्ञान होतें, ही गोष्ट चार्ल्स व्हीट्स्टन यांनीं १८३८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडली. त्यासाठीं दोन आरसे काटकोनांत बसवून त्यांनीं जें यंत्र केलें, तोच पहिला स्टिरिऑस्कोप, म्हणजे घनदर्शक. पुढें डेव्हिड ब्र्यूस्टर यांनीं आरशांच्या जागीं भिंगें घातलीं, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत तें व्हिक्टोरिया राणीच्या मनास आल्यावर घरोघर त्याची करमणूक सुरू झाली.

या खेळण्याची खरी गरज होती ती वैद्यकाच्या विद्यार्थ्याला. अमुक मज्जातंतु धमनीच्या पुढून जातो कीं मागून, हें सपाट चित्रावरून नीट उमगत नाहीं. शवविच्छेदनानें तें उमगतें. परंतु शवें थोडीं, विद्यार्थी फार, आणि आंतला थर पाहावयाचा तर वरचा कापावाच लागतो. एकदां कापलेला पदर पुन्हा जागेवर बसवितां येत नाहीं. ही अडचण ओळखून डेव्हिड वॉटरस्टन यांनीं एडिंबरो येथें १९०५ च्या सुमारास घनचित्रांचा एक मोठा संग्रह संपादिला. प्रत्येक पुठ्ठ्यावर छायाचित्रांची जोडी आणि सोबत तिचें स्पष्टीकरण, अशी त्याची मांडणी होती.

या मार्गावरील सर्वांत चिकाटीचें काम मात्र पुढें अमेरिकेंत झालें. विल्यम ग्रूबर हा मूळचा जर्मन, व्यवसायानें पियानो जुळविणारा. त्याच्या कल्पनेंतून निघालेलें व्ह्यू-मास्टर १९३९ सालीं बाजारांत आलें. गोल चकतीवरचीं ताजमहालाचीं किंवा नायगाऱ्याचीं चित्रें त्यांतून पाहिलेलीं मुलें आतां आजोबा झालीं असतील. स्टॅनफर्ड येथील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड बॅसेट यांनीं या ग्रूबरशीं जोडी जमविली. बॅसेट यांनीं एकेक थर उकलावा आणि ग्रूबरनें त्याचें रंगीत घनचित्र घ्यावें, असा क्रम कित्येक वर्षें चालला. १९५२ ते १९६२ या काळांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत १,५४७ चित्रजोड्या आहेत, व सोबत अवयवांचीं नांवें घातलेलीं रेखाचित्रें. पियानोच्या तारा जुळविणाऱ्याचा कान आणि विच्छेदकाचा हात एका कामास लागावे, हा योग विरळाच!

तरीहि चित्र तें चित्रच. त्याच्या मागें जाऊन पाहतां येत नव्हतें. ती सोय हार्वर्डच्या आयव्हन सदरलंड यांनीं १९६८ सालीं करून दाखविली. त्यांच्या उपकरणांतील दृश्य डोक्याच्या हालचालीसरशीं बदले. डोकें कोठें वळलें हें मोजणारा दांडा छतापासून लोंबत असे; म्हणून त्याला डॅमोक्लिसची तलवार हें नांव पडलें. टांगत्या तलवारीखालीं बसून दिसे काय, तर खोलीच्या हवेंत तरंगणारी साध्या रेषांची आकृति! पण आजच्या ‘विस्तारित वास्तवा’चें बीज त्या रेषांत होतें.

१९९२ सालीं शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठानें भिंतींवर घनदृश्यें उमटविणारी एक खोलीच दाखविली. त्यानंतर क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठानें मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या पारदर्शक चष्म्यावर शरीररचना शिकविण्याचा उद्योग आरंभिला. या चष्म्यांतून गुरु व शिष्य एकच मानवी देह एकदम पाहतात, त्याच्याभोंवतीं फिरतात, थर काढतात आणि पुन्हा ठेवतात. १९०५ च्या पुठ्ठ्यांना जें साधलें नाहीं, तें येथें साधलें. २०२० च्या साथींत विद्यालयें बंद पडलीं, तेव्हां तेथील विद्यार्थी घरीं बसून या चष्म्यानें शिकले.

एवढ्यानें हुरळून जाणें मात्र घाईचें होईल. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनीं अमेरिकन सहकाऱ्यासह ५२ विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेचा एक आभासी पाठ साध्या पडद्यावर व डोक्यावरील यंत्रांत असा दोन्ही प्रकारें दिला. यंत्रांत आपण तेथेंच आहों असें त्यांना अधिक वाटलें. शिकले मात्र कमी. २०१९ सालीं छापलेला हा निष्कर्ष सर्व विषयांना लागू करणें चुकीचें ठरेल. धमनी पुढें कीं मागें, या प्रश्नाचें उत्तर खोलींतच असतें. तेथें खोली दाखविणें हेंच शिकविणें होय. जेथें उत्तर खोलींत नाहीं, तेथें ती दाखविण्याचा खर्च कशाकरितां?

आणखी एक अडचण वेगळ्याच बाजूनें आली. होलोलेन्सचें उत्पादन मायक्रोसॉफ्टनें थांबविल्याचें २०२४ सालीं जाहीर झालें. ज्या विद्यापीठांनीं आपले पाठ त्या एका चष्म्याच्या मापानें बेतले, त्यांना ते दुसऱ्या चष्म्यास जुळवून घेणें भाग झालें. बॅसेट यांचीं चित्रें स्टॅनफर्डच्या वैद्यकीय ग्रंथालयानें जपून संगणकावर उतरविलीं आहेत. तीं पाहावयास आजहि दोन साधीं भिंगें पुरतात.